मजकूर तोच, परवाना वेगळा : टिंडेलच्या इंग्रजी नव्या कराराचे प्रकरण

प्रकरण अभ्यासात संबंधितांची नावे झाकण्याचा प्रघात आहे. या प्रकरणाला जवळपास पाचशे वर्षे होऊन गेली असल्यामुळे येथे नावे उघड ठेवली आहेत. शिवाय अनुवादकाने आपले नाव छापावे की झाकावे हा या प्रकरणातलाच एक निर्णय असल्याने, ती झाकली तर अर्धी गोष्ट कळणारच नाही.

प्रकरण थोडक्यात असे. विल्यम टिंडेल या इंग्रज विद्वानाने १५२३ साली नव्या कराराचे, म्हणजे बायबलच्या येशूच्या चरित्रापासून सुरू होणाऱ्या दुसऱ्या भागाचे, मूळ ग्रीकवरून इंग्रजी भाषांतर करण्यासाठी लंडनच्या बिशपकडे आश्रय मागितला. तो मिळाला नाही. त्याने परदेशी जाऊन भाषांतर पूर्ण केले व छापले. इंग्लंडात त्याच्या प्रती जाहीरपणे जाळण्यात आल्या, १५३६ साली त्याला देहदंड झाला, आणि वर्ष उलटायच्या आत तेच भाषांतर दुसऱ्याच नावाखाली राजाच्या परवान्याने बाजारात आले. मजकुरात म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता. मग बदलले काय, हे येथे पाहायचे आहे. ‘चर्चला सामान्य माणसाच्या हाती बायबल नको होते’ हे नेहमीचे उत्तर खोटे नाही, पण ते इतके ढोबळ आहे की कोणी, केव्हा आणि कोणत्या टप्प्यावर काय ठरवले हे त्यात दिसत नाही.

पार्श्वभूमी

बायबलमधला मजकूर इंग्रजीत आणण्याची खटपट टिंडेलच्या आधी आठशे वर्षे चालू होती. बीड या मठवासी विद्वानाने ७३५ साली मृत्युशय्येवरून योहानाच्या शुभवर्तमानाचे भाषांतर सांगितले आणि शिष्याने ते उतरवून घेतले. दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने लिंडिस्फार्नच्या देखण्या लॅटिन पोथीत ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरांत जुन्या इंग्रजीतले शब्दार्थ भरले. आपल्याकडच्या संस्कृत पोथ्यांत ओळींच्या वरखाली प्राकृत अर्थ लिहिलेले असतात, तशातलाच हा प्रकार. या कामांना कोणी हरकत घेतली नाही.

हरकत सुरू झाली ती १३८० च्या दशकात. ऑक्सफर्डचा जॉन विक्लिफ आणि त्याचे अनुयायी यांनी लॅटिन बायबल सबंध इंग्रजीत आणले. हाताने नकललेल्या त्याच्या अडीचशेच्या आसपास पोथ्या आजही शिल्लक आहेत, यावरून त्या काळी किती नकला फिरत असतील याचा अंदाज येतो. विक्लिफचा खरा गुन्हा भाषांतर हा नव्हता. चर्चच्या मालमत्तेवर, पोपच्या अधिकारावर आणि प्रभुभोजनाच्या सिद्धान्तावर त्याने टीका केली होती, आणि भाषांतर त्या टीकेच्या हातात हात घालून आले. आर्चबिशप टॉमस आरुंडेल याच्या पुढाकाराने १४०७ साली ऑक्सफर्डच्या धर्मसभेत काही नियम तयार झाले आणि १४०९ पासून ते लागू झाले. विक्लिफ १३८४ सालीच वारला होता. तरी १४२८ साली त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या आणि राख नदीत टाकण्यात आली.

आरुंडेलच्या नियमाचे शब्द नीट वाचण्यासारखे आहेत. कोणीही स्वतःच्या अधिकारात पवित्र शास्त्राचे इंग्रजी भाषांतर करू नये आणि विक्लिफच्या काळापासून झालेले भाषांतर वाचू नये, असे तो सांगतो. पण पुढे ‘स्थानिक बिशपची किंवा धर्मसभेची संमती मिळेपर्यंत’ असे एक पुच्छ त्याला जोडलेले आहे. म्हणजे दार बंद होते, पण त्याला कडी होती आणि ती कोणाच्या हातात आहे हेही लिहून ठेवलेले होते. पुढच्या शंभर वर्षांत ती कडी कोणी उघडली नाही. त्याच काळात १४६६ साली जर्मन आणि १४७१ साली इटालियन बायबल छापून बाजारात आले. इंग्लंडात मात्र छपाई येऊनही इंग्रजी बायबल छापले गेले नाही.

अडचण

टिंडेल ग्लॉस्टरशरचा. ऑक्सफर्डची एम. ए. पदवी त्याने १५१५ साली घेतली, आणि दुसऱ्याच वर्षी इरॅस्मस या डच विद्वानाने नव्या कराराचा ग्रीक पाठ छापून प्रसिद्ध केला. त्यामुळे हजार वर्षे चालत आलेल्या लॅटिन पाठाच्या मागे जाऊन मूळ वाचणे प्रथमच कोणाही ग्रीक जाणणाऱ्याच्या आवाक्यात आले. पदवीनंतर काही काळाने टिंडेल लिटल सॉडबरी या गावी एका सरदाराच्या वाड्यावर नोकरीस राहिला. तेथे जेवायला येणाऱ्या धर्मगुरूंशी त्याचे खटके उडत. त्यातल्या एकाला त्याने सुनावले, की देवाने आयुष्य दिले तर नांगर हाकणाऱ्या पोराला तुझ्यापेक्षा जास्त शास्त्र कळेल असे मी करीन. ही आठवण हुतात्म्यांची चरित्रे लिहिणाऱ्या जॉन फॉक्सने नंतर नोंदवली आहे. नांगर हाकणारा हा पोरगा लक्षात ठेवावा; वीस वर्षांनी तो कायद्याच्या कलमात पुन्हा भेटणार आहे.

१५२३ साली टिंडेल लंडनला गेला तो नियमाप्रमाणे. बिशप कथबर्ट टन्स्टल स्वतः ग्रीकचा जाणकार आणि इरॅस्मसचा स्नेही. आपली लायकी दाखवण्यासाठी टिंडेलने आयसॉक्रेटिसच्या एका ग्रीक भाषणाचे इंग्रजी भाषांतर सोबत नेले. नोकरीच्या अर्जाला नमुन्याचे काम जोडावे, तसेच हे. टन्स्टलने नकाराचे कारण दिले ते असे, की माझे घर भरलेले आहे, पदरी माणसे आहेत तीच जास्त आहेत, लंडनात दुसरीकडे प्रयत्न कर. भाषांतर करू नकोस असे तो म्हणाला नाही. करही म्हणाला नाही.

या उत्तरामागचा काळ पाहिला पाहिजे. पोपच्या चर्चविरुद्ध उभ्या ठाकलेल्या ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकाचे ग्रंथ १५२१ साली लंडनमध्ये सेंट पॉल्सच्या आवारात जाळले गेले होते. राजा आठव्या हेन्रीने ल्यूथरविरुद्ध पुस्तक लिहून पोपकडून ‘श्रद्धेचा रक्षक’ ही पदवी मिळवली होती. १५२२ साली ल्यूथरचा जर्मन नवा करार निघाला आणि ‘लोकभाषेतला नवा करार’ या शब्दांनाच एका पक्षाचा वास लागला. दहा वर्षे आधी आला असता तर टिंडेलचा अर्ज विद्वत्तेचा अर्ज ठरला असता. १५२३ मध्ये तो राजकारणाचा ठरला. टन्स्टलने अर्ज फेटाळला नाही, नुसता टाळला. कार्यालयीन अनुभव असलेल्या कोणाही मराठी वाचकाला हा प्रकार नवा नसावा.

पर्याय

टिंडेलसमोर चार वाटा होत्या. विक्लिफच्या अनुयायांसारख्या हस्तलिखित पोथ्या गुपचूप फिरवणे ही जुनी वाट. पण एका पोथीला महिने लागत आणि चुका वाढत जात. दुसऱ्या बिशपकडे जाणे शक्य होते, परंतु राजधानीतल्या इरॅस्मसप्रेमी बिशपने टाळल्यावर दुसरा कोण हो म्हणणार? तिसरी वाट थांबण्याची. तो सुमारे सहा महिने थांबलाही. हम्फ्री मॉनमथ या कापडाच्या व्यापाऱ्याने त्याला घरी ठेवून घेतले. पुढे मॉनमथवर चौकशी आली तेव्हा त्याने लिहून दिले आहे, की हा माणूस रात्रंदिवस अभ्यास करी, उकडलेल्या मांसावर आणि हलक्या बिअरवर भागवी, आणि मी त्याला दहा पौंड दिले. चौथी वाट परदेशातल्या छापखान्याची. याच थांबण्याच्या काळात ‘बिशपच्या वाड्यातच नव्हे तर साऱ्या इंग्लंडात या कामाला जागा नाही’ अशी आपली खात्री झाली, असे टिंडेलने १५३० साली लिहिले.

या निर्णयात कापडाच्या व्यापाऱ्यांचा वाटा सहसा एखाद्या ओळीत उरकला जातो. खरे तर तोच निर्णायक होता. ज्यांचा माल अँटवर्पला जात-येत होता, ज्यांच्या पेढ्या तेथे होत्या आणि ज्यांची गाठोडी बंदरावर रोज उतरत होती, त्यांच्या मदतीखेरीज चौथी वाट नुसती कागदावर राहिली असती.

कृती : कोलोन आणि वर्म्स

१५२४ साली टिंडेल जर्मनीत गेला आणि १५२५ मध्ये कोलोनच्या पेटर क्वेंटेलच्या छापखान्यात नव्या कराराची छपाई सुरू झाली. त्याच छापखान्यात ल्यूथरचा कट्टर विरोधक योहान कोख्लेउस याचेही काम चालू होते. दारूच्या बैठकीत कामगारांच्या तोंडून त्याने काढून घेतले, की इंग्रजी नव्या कराराच्या तीन हजार प्रती निघत आहेत, पैसा इंग्रज व्यापाऱ्यांचा आहे आणि लवकरच सारे इंग्लंड ल्यूथरचे होणार आहे. त्याने नगरसभेतल्या ओळखीच्या माणसाला कळवले. धाड पडण्याआधी टिंडेल आणि त्याचा मदतनीस छापलेले कागद नावेत घालून ऱ्हाईन नदीने वर्म्सकडे निसटले. त्या कोलोन आवृत्तीची एकच अपुरी प्रत आज उरली आहे आणि ती मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायात तुटते.

ही अपुरी प्रत प्रकरणाच्या दृष्टीने मोलाची आहे, कारण वर्म्सच्या १५२६ च्या आवृत्तीशी ती ताडून पाहता येते. कोलोनची प्रत मोठ्या आकाराची असून तिला प्रस्तावना आणि समासात टिपा आहेत, आणि त्यांतला बराच भाग ल्यूथरवरून घेतलेला आहे. वर्म्सचे पुस्तक लहान आकाराचे, हातात सहज मावणारे. त्यात प्रस्तावना नाही, टिपा नाहीत, अनुवादकाचे नावही नाही. नुसता मजकूर आहे आणि शेवटी वाचकाला उद्देशून चार शब्द. आकार लहान करण्यामागे चोरून नेण्याची सोय आहे हे उघड आहे. टिपा गाळण्यामागे घाई होती की विचार होता हे बाजूला ठेवले, तरी परिणाम असा झाला की इंग्लंडात प्रत्यक्ष पोचलेल्या पुस्तकात ल्यूथरचे भाष्य नव्हते. तरीही त्याला ल्यूथरचे पुस्तक म्हणूनच वागवले गेले.

प्रती कापडाच्या गाठोड्यांतून आल्या. ऑक्टोबर १५२६ मध्ये टन्स्टलने त्या जमा करण्याचा आदेश काढला आणि सेंट पॉल्सच्या आवारात त्या जाळल्या गेल्या. त्याच सुमारास एसेक्समधले दोन खेडूत लंडनला रॉबर्ट बार्न्स या धर्मबंधूकडे आले. त्यांनी घरात जपलेली जुनी हस्तलिखित इंग्रजी शुभवर्तमाने अभिमानाने पुढे केली. बार्न्सने ती हसून बाजूला सारली, या नव्या छापील पुस्तकापुढे तुमच्या पोथीला किंमत नाही, याची इंग्रजी जास्त स्वच्छ आहे, असे म्हणून तीन शिलिंग दोन पेन्सला एक प्रत त्यांना विकली आणि कोणाला दाखवू नका असे बजावले. पुढे त्यांच्यातल्या एकाने कबुलीजबाबात हे सांगितले, म्हणून आज ते आपल्याला कळते. शंभर-सव्वाशे वर्षे जिवावर उदार होऊन जपलेली पोथी एका संध्याकाळी जुनी झाली, आणि तीही एका समधर्मीयाच्या तोंडून.

चर्चच्या अधिकाऱ्यांनी दुसरा उपाय केला तो प्रती विकत घेऊन नष्ट करण्याचा. आर्चबिशप वॉरमने १५२७ साली मोठा खर्च करून प्रती गोळा केल्या आणि इतर बिशपांकडून वर्गणीही घेतली. इतिहासकार एडवर्ड हॉल सांगतो, की टन्स्टलने अँटवर्पमध्ये पॅकिंग्टन नावाच्या व्यापाऱ्यामार्फत असाच सौदा केला. पॅकिंग्टन टिंडेलचाच स्नेही निघाला. पुस्तके बिशपला मिळाली, आभार पॅकिंग्टनला आणि पैसे टिंडेलला, असा त्या कथेचा शेवट आहे. कथा जरा जास्तच रंगलेली वाटते, पण तिच्यातला हिशेब बरोबर आहे. छापील वस्तू विकत घेऊन संपवता येत नाही. छापणाऱ्याला मागणी दिसते आणि तो पुन्हा छापतो. अँटवर्पच्या छापखान्यांनी १५२६ पासून टिंडेलला न विचारताच चोरट्या आवृत्त्या काढायला सुरुवात केली होती, आणि त्यांची अक्षरे जुळवणाऱ्यांना बहुधा इंग्रजीही येत नव्हती.

चार शब्द

आता प्रकरणाच्या गाभ्याकडे येऊ. १५२९ साली राजाचा विद्वान सल्लागार सर टॉमस मोर याने टिंडेलवर विस्तृत ग्रंथ लिहिला. या भाषांतरातल्या चुका शोधणे म्हणजे समुद्रात पाणी शोधणे, असा त्याचा सूर आहे. पण त्याचा खरा रोख मूठभर शब्दांवर आहे. गंमत अशी, की हे शब्द मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा लवकर समजतील.

ग्रीक ‘एक्लेसिया’ म्हणजे बोलावून एकत्र आलेले लोक. इंग्रजीत त्यासाठी ‘चर्च’ हा शब्द रूढ होता, आणि त्याचा अर्थ इमारत, संस्था आणि धर्मगुरूंचा वर्ग असा झाला होता. टिंडेलने ‘काँग्रिगेशन’ घातला, म्हणजे आपल्याकडे ‘मंडळी’. ग्रीक ‘प्रेस्ब्युटेरोस’ म्हणजे वयाने आणि मानाने मोठा. रूढ शब्द ‘प्रीस्ट’, म्हणजे यज्ञयाग करणारा पुरोहित. टिंडेलने आधी ‘सीनियर’ व नंतर ‘एल्डर’ घातला, म्हणजे ‘वडील’. ‘आगापे’साठी रूढ शब्द ‘चॅरिटी’, ज्याला दानधर्माची छटा होती. टिंडेलने ‘लव्ह’ म्हटले, म्हणजे ‘प्रीती’. चौथा शब्द सगळ्यांत नाजूक. ‘मेटानोइया’ म्हणजे मन पालटणे. त्यासाठी ‘पेनन्स’ हा शब्द रुळलेला होता, म्हणजे प्रायश्चित्त. टिंडेलने ‘रिपेंटन्स’ लिहिले, म्हणजे पश्चात्ताप.

पश्चात्ताप माणसाला आपोआप होतो. प्रायश्चित्त घ्यावे लागते आणि घ्यायचे म्हटले की देणारा आला, दर आला, निर्णय देणारी सभा आली. मिशनऱ्यांकडे चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली ते पुण्याचे पंचहौद मिशनच्या चहाचे प्रकरण ज्यांनी वाचले असेल, त्यांना या दोन शब्दांमधले अंतर वेगळे समजावून सांगायला नको. योहान बाप्तिस्मा करणारा लोकांना नेमके काय करायला सांगत होता, यावर एका सबंध व्यवस्थेचे उत्पन्न आणि अधिकार अवलंबून होते.

मोरचा युक्तिवाद उथळ नव्हता. शब्दाचा अर्थ मुळात काय होता यापेक्षा आज बोलणारे त्याचा काय अर्थ करतात हे भाषांतरकाराने पाहावे, असे त्याचे म्हणणे होते. ‘काँग्रिगेशन’ तुर्कांचीही असू शकते. ‘सीनियर’ तर इंग्रजीत या अर्थाने चालतच नाही, फ्रेंचांची नक्कल करून कोणाला चिडवायचे असेल तेव्हा लोक तो वापरतात. या शेवटच्या मुद्द्यावर टिंडेल नमला आणि १५३४ च्या आवृत्तीत त्याने ‘एल्डर’ केले. बाकीच्या शब्दांवर त्याने उलट विचारले, की लॅटिनमध्ये ‘काँग्रेगातिओ’ तुमच्या लाडक्या इरॅस्मसनेही वापरला आहे, त्याला का नाही पकडले? माझ्या मते ग्रीकच्या कसोटीवर टिंडेल बरोबर होता. मोरने मात्र एक गोष्ट त्याच्याइतकीच स्पष्ट पाहिली होती: हे शब्द सुटे नाहीत. ते एकाच वेळी आणि एकाच दिशेने बदलले, तर भाषांतर हेच भाष्य होते, मग समासात टीप असो वा नसो.

मोर भाषांतराच्या तत्त्वतः विरोधात नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. बिशपांनी तपासलेले भाषांतर करून घ्यावे आणि ज्याला द्यावेसे वाटेल त्यालाच त्याची प्रत द्यावी, असा पर्याय त्याने त्याच ग्रंथात सुचवला आहे. त्या भाषांतराचे काम मात्र कोणी हाती घेतले नाही.

१५३१ ची भेट

निर्णयाचा सर्वांत मोठा क्षण येथे आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. टिंडेलने १५२८ साली राजसत्तेच्या आज्ञापालनावर पुस्तक लिहिले, ते हेन्रीला रुचण्याजोगे होते, कारण राजाला त्याच्या राज्यात पोपच्या वर स्थान देणारे त्यातले विचार त्याच्या सोयीचे होते. पण १५३० साली टिंडेलने दुसरे पुस्तक लिहून राणी कॅथरिनपासूनच्या राजाच्या घटस्फोटाला विरोध केला. ज्या एकाच माणसाच्या हाती परवाना होता, त्याच्या वर्मावर त्याने बोट ठेवले. हे धैर्य होते यात शंका नाही. अनुवादाच्या कामाला त्याची गरज होती का, हा प्रश्न मात्र उरतो.

तरीही १५३१ साली राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याचा हस्तक स्टीफन वॉन त्याला शोधत अँटवर्पला आला. शहराच्या वेशीबाहेर शेतात त्यांची भेट झाली. परत येण्याचे आमिष टिंडेलने नाकारले, पण पुढच्या भेटीत एक प्रस्ताव दिला. राजाने शास्त्राचा नुसता मजकूर, कोणाच्याही भाषांतराचा का असेना, आपल्या प्रजेत खुला करावा. मी यापुढे एक अक्षर लिहिणार नाही, राजाच्या पायाशी येईन आणि जी शिक्षा होईल ती भोगीन. हे बोलताना त्याचे डोळे भरून आल्याचे वॉनने कळवले आहे. राजाने प्रस्ताव मानला नाही.

या प्रस्तावात टिंडेलने काय काय सोडले ते पाहावे: टिपा, वादग्रंथ, स्वतःचे नाव, स्वतःचे भाषांतर आणि स्वतःचा जीव. राखले फक्त तत्त्व. वाटाघाटीत याहून खाली उतरता येत नाही. त्यामुळे टिंडेलच्या टिपांमुळे किंवा शब्दनिवडीमुळे परवाना अडला, या समजाला येथे छेद जातो. त्या दिवशी नकार मजकुराला नव्हता, कारण मजकूर कोणाचाही चालणार होता.

अटक

१५३४ साली जॉर्ज जॉय नावाच्या सहकाऱ्याने टिंडेलच्या भाषांतराची एक चोरटी आवृत्ती तपासताना ‘पुनरुत्थान’ या शब्दाच्या जागी काही ठिकाणी ‘या जीवनानंतरचे जीवन’ असा फेरफार परस्पर केला. टिंडेल संतापला, आणि त्याच वर्षीच्या सुधारित आवृत्तीवर त्याने प्रथमच आपले नाव घातले. आठ वर्षे या भाषांतरावरून नाव झाकणाऱ्याला ते छापावे लागले ते विरोधकांमुळे नव्हे, आपल्याच माणसाच्या लुडबुडीमुळे. ज्यांनी कोणी अनुवाद केले आहेत त्यांना हा संताप परका वाटणार नाही.

२१ मे १५३५ रोजी हेन्री फिलिप्स या तरुण इंग्रजाने त्याला पकडून दिले. टिंडेल अँटवर्पमध्ये टॉमस पॉइंट्झ या व्यापाऱ्याकडे राहत होता. फिलिप्सने मैत्री वाढवली, त्या दिवशी त्याच्याकडून चाळीस शिलिंग उसने घेतले आणि जेवायला म्हणून बाहेर नेले. घराबाहेरचा बोळ अरुंद असल्याने एकामागे एक जावे लागे. फिलिप्सने आदराने टिंडेलला पुढे केले आणि मागून त्याच्या डोक्यावर बोट रोखून शिपायांना खूण केली. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या प्रदेशातल्या व्हिल्व्होर्डच्या किल्ल्यात तो सोळा महिने कैदेत होता. क्रॉमवेलने सुटकेसाठी पत्रे लिहिली, पण ज्या सम्राटाच्या मावशीला हेन्रीने टाकले होते त्याच्याकडे इंग्लंडच्या शब्दाला वजन उरले नव्हते. ऑक्टोबर १५३६ मध्ये पाखंडाच्या आरोपावरून टिंडेलला गळा आवळून मारण्यात आले आणि मग जाळण्यात आले.

निष्पत्ती

तो कैदेत असतानाच मायल्स कव्हरडेलने १५३५ साली पहिले संपूर्ण छापील इंग्रजी बायबल काढले आणि ते राजाला अर्पण केले. १५३७ साली अँटवर्पच्या इंग्रज व्यापाऱ्यांचा धर्मगुरू जॉन रॉजर्स याने आणखी एक बायबल छापवले. मुखपृष्ठावर अनुवादक म्हणून ‘टॉमस मॅथ्यू’ हे नाव होते. आत नवा करार टिंडेलचा, मोशेचे पंचग्रंथ टिंडेलचे, आणि यहोशवापासून इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकापर्यंतचा अप्रकाशित भागही त्याचाच, असे अभ्यासक मानतात. टिपा होत्या, भरपूर होत्या. जुन्या कराराच्या शेवटी ‘डब्ल्यू. टी.’ अशी नक्षीदार ठळक अक्षरे होती. ऑगस्टमध्ये आर्चबिशप क्रॅनमरने क्रॉमवेलला पत्र लिहून परवाना मागितला: बिशपांनी याहून चांगले भाषांतर करेपर्यंत हे चालू द्यावे, आणि माझ्या मते ते काम प्रलयाच्या दुसऱ्या दिवशी होईल. परवाना मिळाला.

१५३८ साली प्रत्येक चर्चमध्ये मोठ्या आकाराचे इंग्रजी बायबल ठेवण्याचा हुकूम निघाला. खर्च निम्मा धर्मगुरूचा आणि निम्मा गावकऱ्यांचा. त्यासाठी १५३९ साली ‘ग्रेट बायबल’ निघाले. ते कव्हरडेलने संस्कारित केले असले तरी नवा करार बव्हंशी टिंडेलचाच राहिला, ‘मंडळी’ आणि ‘प्रीती’सुद्धा जागच्या जागी होत्या. १५४० च्या एका आवृत्तीच्या मुखपृष्ठावर, राजाज्ञेने हे भाषांतर तपासणाऱ्या दोन बिशपांची नावे आहेत. त्यांतले पहिले डरहॅमचा बिशप कथबर्ट, म्हणजे ज्याचे घर १५२३ साली भरलेले होते तोच टन्स्टल.

वारे पुन्हा फिरले. १५४३ च्या कायद्याने टिंडेलचे भाषांतर त्याच्या नावानिशी बेकायदा ठरवले, आणि कारागीर, शिकाऊ नोकर, शेतकरी व मजूर यांना इंग्रजी बायबल वाचायला बंदी घातली. नांगर हाकणारा पोरगा कलमात आला तो असा. चर्चमध्ये ठेवलेल्या पुस्तकात टिंडेलचे शब्द, आणि टिंडेलचे पुस्तक घरात सापडले तर गुन्हा, अशी ही अवस्था. १५४६ साली ग्लॉस्टरशरच्याच सेंटबरी टेकडीवर मेंढ्या राखणाऱ्या रॉबर्ट विल्यम्सने एक वेगळेच पुस्तक विकत घेतले आणि त्याच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवले, की मेंढपाळांनी वाचू नये म्हणून नवा करार काढून घेतला तेव्हा मी हे पुस्तक घेतले. देव हे आंधळेपण दूर करो. लिहितावाचता येणारा मेंढपाळ टिंडेलच्याच मुलखात तयार झाला होता.

वेगळे काय करता आले असते

टिंडेलच्या बाजूने पाहिले तर दोन निर्णय तपासण्यासारखे आहेत. कोलोनच्या आवृत्तीला ल्यूथरच्या टिपा जोडल्यामुळे विरोधकांना आयता पुरावा मिळाला हे खरे. पण १५३७ चे बायबल टिपांसकट पास झाले, तेव्हा हे कारण पुरेसे नाही. १५३० चे घटस्फोटविरोधी पुस्तक ही जास्त महागात पडलेली गोष्ट. अनुवादकाने राजकीय मत मांडू नये असे मला म्हणायचे नाही, परंतु परवान्याचा अर्ज आणि परवाना देणाऱ्याच्या लग्नावरचे भाष्य एकाच हाताने लागोपाठच्या वर्षांत करणे हा हिशेबाने घेतलेला निर्णय नव्हता.

टन्स्टलच्या बाजूने पाहिले तर १५२३ ची टाळाटाळ हीच मुख्य चूक दिसते. टिंडेलला पदरी ठेवून, दोन-चार विद्वानांची समिती देऊन भाषांतर करून घेतले असते, तर त्या चार शब्दांवर वाटाघाट झाली असती. ही कल्पनाविलासाची गोष्ट नाही. १६११ चे राजा जेम्सचे बायबल तशाच समित्यांनी केले. ‘चर्च’ हा शब्द बदलून ‘काँग्रिगेशन’ करू नये असा नियमच त्यांना घालून दिला होता. त्या बायबलात चार शब्दांची वाटणी झालेली दिसते: ‘चर्च’ आणि पौलाच्या प्रीतीवरच्या प्रसिद्ध अध्यायातली ‘चॅरिटी’ मोरच्या पारड्यात, ‘एल्डर’ आणि ‘रिपेंट’ टिंडेलच्या. नव्या कराराचे चार-पंचमांशाहून अधिक शब्द टिंडेलचेच राहिले. मराठी प्रोटेस्टंट बायबलात मात्र मंडळी, वडील, प्रीती आणि पश्चात्ताप हे चारही शब्द आले, आणि त्यावरून कोणाच्या प्रती जाळल्या गेल्याचे ऐकिवात नाही.

उशिराची किंमत पानांत मोजता येते. टिंडेल अटकेच्या आधी हिब्रू शिकून जुन्या करारात शिरला होता. ओलांडून जाण्यावरून आपण जसे ‘वल्हांडण’ म्हणतो तसा ‘पासओव्हर’ हा शब्द त्यानेच घडवला. योना सोडला तर इतिहासाच्या पुस्तकांपुढे त्याचे काम गेले नाही. ईयोब, स्तोत्रसंहिता, यशया ही जुन्या करारातली सारी थोर कविता शिल्लक राहिली, आणि संपूर्ण छापील इंग्रजी बायबलात ती प्रथम आली ती कव्हरडेलने जर्मन आणि लॅटिनवरून केलेली. व्हिल्व्होर्डच्या किल्ल्यातून टिंडेलने लॅटिनमध्ये लिहिलेले एक पत्र उरले आहे. थंडीने डोके धरते म्हणून त्यात त्याने उबदार टोपी मागितली आहे, एक जाडसर कोट, पायमोजे ठिगळायला कापडाचा तुकडा आणि संध्याकाळपुरता दिवा, कारण अंधारात एकटे बसणे फार कंटाळवाणे होते. आणि या सगळ्याहून जास्त कळकळीने हिब्रू बायबल, हिब्रू व्याकरण आणि हिब्रू शब्दकोश.